नॅट विरुद्ध सेबर : पटावरच्या विमानांचे गुण काढायचे कसे?

षट्कोन_धरमपेठ

नमस्कार मंडळी. १९६५ च्या पंजाब आघाडीवरचा हवाई लढाईचा पट आम्ही नागपुरात बनवून राहिलो. इकडून भारताचं नॅट, तिकडून पाकिस्तानचं सेबर, दोन्ही लढाऊ जेट विमानं. मोजमाप असं ठरलंय: षट्कोन १०० मीटरचा, फेरी ४ सेकंदांची, उंचीची पायरी १०० मीटर. म्हणजे वेगाचा १ गुण सेकंदाला २५ मीटर, ताशी ९० किलोमीटर. सेकंदाला १५ अंश वळणारं विमान एका फेरीत ६० अंश, म्हणजे षट्कोनाची बरोबर एक बाजू वळतं. पट, सोंगट्या, फासे सगळं तयार आहे. विमानांचे गुण तेवढे जमून नाही राहिले.

हाताशी असलेले आकडे देतो. नॅट: पंखांचं क्षेत्रफळ १२.६९ चौरस मीटर, टोकापासून टोकापर्यंत ६.७३ मीटर, ऑर्फियस ७०१ इंजिनाचा थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) २०.९ किलोन्यूटन, कमाल उड्डाण वजन ४१०० किलो. सेबर एफ-८६एफ-४०: २९.१ चौरस मीटर, ११.९ मीटर, जे-४७ इंजिन २६.३ किलोन्यूटन, कमाल वजन सुमारे ८२३० किलो.

आम्ही विंग लोडिंगवरून (पंखाच्या दर चौरस मीटरवर किती वजन) वळणाचा गुण दिला, चढण्याच्या दरावरून चढाईचा आणि कमाल वेगावरून वेगाचा. अडचणी अशा येतात. दोन्ही विमानांचं वळण पूर्णांकात आणलं की दोघांनाही ‘एक बाजू’ मिळते, फरकच राहत नाही. वेगाचा १ गुण सोडला तर ३ पायऱ्या उंची असा सरसकट भाव ठेवलाय, पण त्यात वेगातलं विमान वर ओढण्यात काही फायदाच दिसत नाही. वळताना वेग किती उतरावा याला तर काही आधारच सापडत नाही, सध्या अंदाजाने चाललंय. आणि दोन ३० मिलिमीटर तोफा जड की सहा अर्ध्या इंची मशीनगन जड, यावर दर डावाला वाद होतो.

सूत्रं चालतील, एक्सेल जमतं. पण शेवटी सोंगटीच्या कार्डावर आठ-दहा आकडेच मावले पाहिजेत.

पुंजी_उंचीची

भाऊ, गुण देणं बाजूला ठेवा आणि आधी वजन दुरुस्त करा. कमाल उड्डाण वजनात ड्रॉप टँक (बाहेर टांगलेल्या जादा इंधनाच्या टाक्या) धरलेले असतात, आणि लढाई सुरू झाली की टँक खाली पडतात. लढाईचं वजन म्हणजे रिकामं विमान, वैमानिक, दारूगोळा आणि पोटातलं निम्मं इंधन. नॅट रिकामं सुमारे २१८० किलो, त्यावरून लढाईचं वजन ३००० किलो धरा. सेबर रिकामं सुमारे ५०५० किलो, ते ६२५० धरा. मग विंग लोडिंग येतं नॅटचं २३६ आणि सेबरचं २१५ किलो प्रति चौरस मीटर. थ्रस्ट भागिले वजन येतं ०.७१ आणि ०.४३. या दोन जोड्यांतच अख्खी लढाई आहे: पंख सेबरचा मोठा, जोर नॅटचा मोठा.

आता उंची आणि वेगाचा भाव. इथे तुमची चूक मोठी आहे आणि दुरुस्ती सोपी. वेगात साठलेली ऊर्जा उंचीच्या मापात मोजायची असेल तर वेगाचा वर्ग भागिले १९.६२, उत्तर मीटरमध्ये. तुमच्या मोजमापात ते असं बसतं: वेगगुणाचा वर्ग गुणिले ०.३२, उत्तर पायऱ्यांमध्ये. वेग १० वरून ९ वर आलं तर ६ पायऱ्या मिळायला हव्यात. ५ वरून ४ ला फक्त २.९. ४ वरून २ वर उतरवलं तर ३.८, तुमच्या पटावर मात्र ६ मिळतात. उलट १० वरून ६ वर आणणाऱ्याला खऱ्यात २०.४ पायऱ्या मिळतात आणि तुम्ही १२ देता. मंद विमानाला फुकट उंची आणि वेगवान विमानाची लूट, असा तो सरसकट भाव आहे. जोरदार इंजिनाच्या नॅटला ही लूट जास्त बाधते, कारण वेग साठवून वर जाणं हीच त्याची मुख्य चाल.

कार्डावर प्रत्येक वेगासमोर त्याची ऊर्जा-उंची लिहा: ४ ला ५.१, ५ ला ८.०, ६ ला ११.५, ७ ला १५.६, ८ ला २०.४, ९ ला २५.८, १० ला ३१.९. खेळाडू फक्त वजाबाकी करेल. ही ओळ दोन्ही विमानांना एकच, त्यामुळे पटाच्या कडेलाच छापता येईल.

वळणाचं. अंशात मोजू नका, अंतरात मोजा: ३० अंश वळायला किती षट्कोन पुढे जावं लागतं? ३० अंश धरल्यावर नाक बाजूकडेही राहील आणि कोपऱ्याकडेही, एकूण १२ दिशा. हिशेब ३००० मीटर उंचीवर करतो, तिथे हवेची घनता ०.९०९ किलो प्रति घनमीटर. नॅटचा उच्चतम लिफ्ट गुणांक (पंख जास्तीत जास्त किती उचलू शकतो त्याचं माप) मी १.१ धरला आहे. सेबरच्या पंखाला पुढे स्लॅट (कमी वेगात उघडणाऱ्या पट्ट्या) आहेत म्हणून त्याला १.२५. ही माझी धरलेली किंमत आहे, तुम्हाला नेमकी मिळाली तर बदला. सरळ उडताना स्टॉल वेग (याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही) येतो नॅटचा ६८ आणि सेबरचा ६१ मीटर प्रति सेकंद.

यातून एक फार सोयीची गोष्ट निघते. लिफ्टच्या मर्यादेत राहून कमाल खेचलं तर वळणाची त्रिज्या वेगावर जवळपास अवलंबूनच राहत नाही. ती असते स्टॉल वेगाचा वर्ग भागिले ९.८१. नॅटची ४७३ मीटर, सेबरची ३७८. तिला ०.५२४ ने गुणलं की ३० अंशांचं अंतर: नॅट २५० मीटर, सेबर २०० मीटर. म्हणजे अडीच षट्कोन आणि दोन षट्कोन. तुमचा हरवलेला फरक इथे आहे. नॅटला आळीपाळीने २ आणि ३ द्या.

हे चालतं कॉर्नर स्पीडपर्यंत, म्हणजे पंखाची आणि भाराची मर्यादा एकदमच गाठली जाते त्या वेगापर्यंत. माणूस आणि विमान दोघांसाठी ६ जी ची (वजनाच्या सहापट भाराची) मर्यादा ठेवली तर तो वेग स्टॉल वेगाच्या २.४५ पट: सेबरचा १४९, नॅटचा १६७, म्हणजे अंदाजे ६ आणि ६.७ गुण. त्यापुढे मर्यादा जी ची, पंखाची नाही, म्हणून दोघांना एकच आकडा: वेग ८ ला ३.६ षट्कोन, वेग १० ला ५.६. वळणात सेबर सरस हे वाक्य फक्त ७ गुणांखाली खरं आहे. त्याच्या वर दोघंही सारखेच अडकलेले.

उंची वाढली की स्टॉल वेगाचा वर्ग घनतेच्या उलट प्रमाणात वाढतो. ९००० मीटरवर घनता ०.४६७, त्यामुळे ही अंतरं जवळपास दुप्पट होतात. तीन पट्टे पुरतात: ० ते ४, ४ ते ८ आणि ८ किलोमीटरच्या वर. वरच्या पट्ट्यात नॅटचा ६ जी चा कॉर्नर स्पीड माख ०.७७ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७७ पट) च्या आसपास जातो, आणि तिथे पंख आधीच थरथरायला लागलेला असतो. म्हणून वरच्या पट्ट्यात ६ जी चा रकानाच छापू नका.

वर्धारोड_३००

वळताना वेग किती उतरावा, यावर लिहितो. वरच्या हिशेबाला ते जोडलं नाही तर दोन्ही बाजू सतत कमाल वळतील आणि पटावर गोल गोल फिरत बसतील.

लागतो तो एकच आकडा: थ्रस्टमधून ड्रॅग (हवेचा विरोध) वजा करा, वेगाने गुणा, वजनाने भागा. याला पीएस म्हणतात. उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं. ४ ने गुणून १०० ने भागलं की फेरीला किती पायऱ्यांची ऊर्जा मिळाली किंवा गेली ते कळतं.

ड्रॅगचे दोन भाग. पहिला भाग वाऱ्याच्या दाबावर आणि पंखाच्या क्षेत्रफळावर जातो, त्याचा गुणांक मी सेबरला ०.०१४ आणि नॅटला ०.०१८ धरतो, कारण नॅटचं धड पंखाच्या मानाने मोठं आहे. दुसरा भाग लिफ्टमुळे येणारा, तो जी च्या वर्गाने वाढतो. ३ जी ला नऊपट, ६ जी ला छत्तीसपट. वळणात वेग खाणारा हाच.

इथे बरेच जण एका ठिकाणी पाय घसरून पडतात. पंखाच्या प्रत्येक मीटर लांबीवर किती वजन, हे पाहतात. नॅट ४४६ किलो, सेबर ५२५. नॅट बरा, असं वाटतं. पण तो आकडा एकूण ड्रॅगचा निदर्शक आहे. पीएसमध्ये ड्रॅगला परत वजनाने भागायचं असतं, म्हणून पाहायचं वजन भागिले लांबीचा वर्ग: नॅट ६६, सेबर ४४. चित्र उलटं झालं. दर किलो वजनामागे वळणाची किंमत नॅटला दीडपट पडते.

३००० मीटरवर थ्रस्ट जमिनीवरच्या ७५ टक्के धरला, वेग ८ म्हणजे २०० मीटर प्रति सेकंद, आणि लिफ्टच्या ड्रॅगसाठी कार्यक्षमता ०.७५. एका फेरीतली कमाई किंवा तोटा पायऱ्यांमध्ये असा येतो:

सरळ उड्डाण: नॅट +३.०, सेबर +१.५
३ जी: नॅट +२.०, सेबर +०.९
४.५ जी: नॅट +०.७, सेबर ०
६ जी: नॅट −१.२, सेबर −१.३

खाली खाली वाचत जा. सरळ उडताना नॅट दीड पायरीने पुढे, ३ जी ला १.१ ने, ४.५ जी ला ०.७ ने आणि ६ जी ला फायदा संपला. जितकं कडक खेचाल तितका नॅटचा जोर वाया जातो. सेबर ४.५ जी वर वेग न गमावता फिरत राहतो, नॅट ५ जी च्या थोडं वर. या चार ओळी कार्डावर आल्या की नॅटचा खेळाडू सांगावं न लागता वर जायला लागेल आणि सेबरचा खेळाडू त्याला कमी वेगाच्या कडक वळणात ओढायला बघेल. नियमपुस्तकात डावपेचांचा एक शब्दही लिहावा लागणार नाही.

६ जी च्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. ड्रॅग जी च्या वर्गाने वाढतो हे पंखावरचा प्रवाह चिकटून असेपर्यंत खरं. ६ जी ला नॅट आपल्या उच्चतम लिफ्टच्या ७० टक्क्यांवर पोचलेला असतो, सेबर ५५ टक्क्यांवर. नॅटचा प्रवाह आधी सुटणार. मी नॅटच्या ६ जी मधून आणखी अर्धी पायरी वजा करेन: −१.७. ही सूत्रातून नाही, समजुतीने केलेली वजाबाकी आहे.

आकडे छोटे वाटतील. वेग ८ वरून ७ वर यायला ४.८ पायऱ्या जाव्या लागतात, म्हणजे ६ जी च्या चार फेऱ्यांत सेबरचा एक वेगगुण जातो. १६ सेकंदांत ताशी ९० किलोमीटर. हे बरोबर आहे, वाढवू नका. प्रत्येक कडक वळणाला एक पूर्ण वेगगुण कापणारे पट मी पाहिले आहेत, त्यात दोन फेऱ्यांत जेट विमानाची बैलगाडी होते.

षट्कोन_धरमपेठ

दोघांनाही मनापासून धन्यवाद. अंतराच्या हिशेबाने वळण लगेच जमलं. दोन शंका आहेत. ड्रॅगचा पहिला गुणांक धरण्याऐवजी छापील कमाल वेगावरून काढता येईल ना? कमाल वेगाला थ्रस्ट बरोबर ड्रॅग असतो. नॅटचा ६१०० मीटरवर ताशी ११२० किलोमीटर मिळालाय. आणि दुसरं, +०.७ आणि −१.२ असे अपूर्णांक पटावर सांभाळायचे कसे?

वर्धारोड_३००

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानांना ती रीत चालते, या दोघांना नाही. ताशी ११२० म्हणजे सेकंदाला ३११ मीटर, आणि ६१०० मीटर उंचीवर ध्वनीचा वेग ३१६. माख ०.९८ झाला. त्या भागात धक्का-लहरींमुळे ड्रॅग एकदम उसळलेला असतो. त्यावरून काढलेला गुणांक खूप मोठा येईल आणि माख ०.६ च्या लढाईत विमान चिखलात रुतल्यासारखं चालेल. फक्त मंदच नाही, तुलनाही बिघडते: ज्या विमानाचा कमाल वेग जास्त छापलाय त्याला अन्याय जास्त.

त्याऐवजी चढण्याच्या दरावर ताळा घ्या. समुद्रसपाटीला थ्रस्ट ९३ टक्के आणि वेग २०० मीटर धरून माझे गुणांक घातले तर सेबरचा पीएस ४६ येतो, छापील चढण्याचा दरही सेकंदाला ४६ मीटरच्या आसपास. नॅटचा ९२ येतो, छापील सुमारे १००. दहा टक्क्यांच्या आत आहे. हवं तर नॅटचा गुणांक ०.०१६ करा, पण मग पट्ट्यातले सगळे आकडे पुन्हा काढा, एकच आकडा बदलून सोडू नका.

पंख्याच्या विमानांचा विषय निघालाच आहे तर एक धोका सांगून ठेवतो. तिथे इंजिन थ्रस्ट देत नाही, शक्ती देतं. वेग वाढला की थ्रस्ट घटतो. पुढे कधी १९४४ च्या इंफाळचा पट केलात, ब्रिटिश हरिकेन विरुद्ध जपानी की-४३, तर जेटचं एक्सेल तसंच वापरू नका. की-४३-२ ला २५९० किलोला ११५० अश्वशक्ती, हरिकेन २सी ला ३४८० किलोला १२८०. विंग लोडिंग १२१ आणि १४६. वळण आणि चढाई दोन्हीत की-४३ पुढे. हरिकेनकडे उरतात चार २० मिलिमीटर तोफा आणि मजबूत सांगाडा. तिथे सूर मारण्याच्या वेगाची मर्यादा आणि मार सोसण्याची ताकद हे गुण नसतील तर हरिकेनची सोंगटी कोणीच उचलणार नाही.

सोंगटीवाला

अपूर्णांकांचं मी सांगतो, ते पटाचं काम आहे.

प्रत्येक विमानाच्या कार्डाखाली ० ते ९ अशी दहा घरांची पट्टी काढा आणि एक मणी ठेवा. एक घर म्हणजे पायरीचा दहावा हिस्सा. +०.७ आलं तर मणी सात घरं पुढे, ९ ओलांडला की एक पायरी कमावली. −१.२ आलं तर एक पायरी गेली आणि मणी दोन घरं मागे. सवय झाली की फेरीला पाच सेकंद लागतात. जवळच्या पूर्णांकात आणायच्या फंदात पडू नका. ०.७ चा १ केला आणि ०.४ चा ०, तर दहा फेऱ्यांत ३ पायऱ्यांच्या जागी १० पायऱ्यांचा फरक पडतो, म्हणजे एक विमान डोक्यावर आणि दुसरं जमिनीवर.

अडीच षट्कोनांच्या वळणाला खाऊन टाकणारी एक बारीक गोष्ट षट्कोनी पटातच लपलेली आहे. नाक बाजूकडे असेल तर सहा षट्कोन म्हणजे ६०० मीटर. नाक कोपऱ्याकडे असेल तर विमान डावी-उजवीकडे नागमोडी चालतं आणि सहा षट्कोनांत सरळ अंतर पडतं ५२० मीटर. १३ टक्के वेग पटाने खाल्ला. ज्याला हे कळतं तो शत्रूला कोपऱ्याच्या दिशेने पळायला लावतो. उपाय: कोपऱ्याच्या दिशेने चालताना दर सहा-सात षट्कोनांमागे एक जास्तीचा द्या. वेग ६ च्या वर असेल तर सरळ एका फेरीला +१ दिला तरी चालतं.

आता तोफांचा वाद. तो मिटत नाही कारण दोन वेगळे प्रश्न एका गुणात कोंबले आहेत: लागेल का, आणि लागलं तर काय होईल.

दोन्ही हत्यारांची नळी सेकंदाला साधारण २० गोळ्या सोडते. नॅटच्या दोन एडन (त्याच ३० मिलिमीटरच्या) तोफांचे ४० गोळे, सेबरच्या सहा मशीनगनच्या १२० गोळ्या. हवेत शिंपडा सेबरचा तिप्पट दाट. त्यातच सेबरच्या नेमयंत्राला रडार अंतर पुरवतं. म्हणून लागण्याच्या फाशात सेबरला दोन अधिक द्या. शिवाय नॅट लहान आहे, टोकापासून टोकापर्यंत ६.७३ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ सेबरच्या निम्म्याहून कमी. त्याच्यावर नेम धरणाऱ्याला एक वजा. हाच वजा एक दिसण्याच्या फाशालाही लावा, कारण एवढं विमान समोरून येताना उशिरा दिसतं.

लागल्यावर काय, इथे उलटं. अर्ध्या इंची गोळी साधारण ४५ ग्रॅमची, ३० मिलिमीटरचा गोळा सुमारे २२० ग्रॅमचा आणि आत स्फोटक. सेकंदाला फेकलेलं वजन नॅटचं ८.८ किलो, सेबरचं ५.४. पण वजनाचं प्रमाण जसंच्या तसं घेऊ नका, स्फोटकाचा परिणाम त्याहून जास्त. मी सेबरच्या एका ठोक्याला १ आणि नॅटच्या एका ठोक्याला ६ गुण नुकसान ठेवतो. सेबरचा खेळाडू थोडं थोडं कुरतडतो, नॅटचा एक चांगला फटका डाव संपवतो. दोन्ही कार्डं हातात घेतल्यावर फरक जाणवला पाहिजे.

दारूगोळा मोजाच. नॅटच्या प्रत्येक तोफेला ११५ गोळे, म्हणजे पावणेसहा सेकंद. कार्डावर एका सेकंदाचे ५ फवारे. सेबरला एकूण सुमारे १६०० गोळ्या, म्हणजे १३ फवारे. हे नाही मोजलं तर नॅटचा खेळाडू लांबूनच तोफा चालवत बसतो.

नॅटच्या तोफा अडकत, ही १९६५ च्या लढायांतली नोंदलेली तक्रार आहे, तेव्हा नियम हवा. दर फवाऱ्यानंतर दोन फासे टाका, ११ किंवा १२ आलं तर एक तोफ बंद. ३६ पैकी ३, म्हणजे ८ टक्के. थोडं वाटतं, पण पाच फवाऱ्यांत निदान एकदा अडकण्याची शक्यता ३५ टक्के होते. तेवढं बोचरं पुरे. १० पण धरलं तर १७ टक्के होतात, पाच फवाऱ्यांत ६० टक्के, आणि मग कोणी नॅट घेऊन बसत नाही.

पुंजी_उंचीची

तोफांचं पटलं. माझ्याकडून आणखी दोन-तीन गोष्टी, कारण याच ठिकाणी तयार कार्डं फसतात.

हवामान. सगळे छापील आकडे १५ अंशांच्या प्रमाण हवेचे असतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ अंश झाले की ३१० मीटरवरची हवा १४०० मीटरवर असते तितकी विरळ होते. सप्टेंबरातलं पंजाब ३५ अंशांचं धरलं तर समुद्रसपाटीच्या हिशेबानेही हवा ७०० मीटरच्या हवेसारखी. पंखाला तेवढाच फरक पडतो, पण जेट इंजिनाला उष्णता त्याहून जास्त बाधते. खालच्या पट्ट्यात थ्रस्ट आणखी ५ ते ८ टक्के कमी धरा, दोघांचाही. तोटा सेबरला जास्त होईल: नॅटकडे जोर शिल्लक आहे, सेबरकडे आधीच काठावर होता. ४.५ जी ला शून्यावर असलेला सेबर मग वजा जातो.

वेगाचे आकडे कोणत्या मापाचे ते तपासा. वैमानिकांच्या पुस्तिकांत बहुतेक वेग काट्यावरचा असतो, खरा नाही. ६००० मीटरवर काट्यावर ताशी ४०० असेल तर खरा वेग ५४५. एकाच तक्त्यात एका विमानाचा काट्यावरचा आणि दुसऱ्याचा खरा वेग घेतला तर पुढचं सगळं बरोबर करूनही निकाल चुकणार. नॉट आणि मैल यांचा घोळ तर १५ टक्क्यांचा.

आणि १९६५ ची सेबर सोंगटी १९७१ ला वापरू नका. २२ नोव्हेंबर १९७१ ला बोयराजवळ (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर) नॅटसमोर आलेले सेबर कॅनडात बांधलेले मार्क ६ होते, त्यांना ओरेंडा इंजिन, थ्रस्ट ३२.४ किलोन्यूटन. जे-४७ पेक्षा २३ टक्के जास्त. साधारण त्याच वजनाला थ्रस्ट भागिले वजन ०.४३ वरून ०.५३ वर जातं. ४.५ जी च्या ओळीतला नॅटचा फायदा बराचसा तिथेच आटतो. वेगळं कार्ड, वेगळा रंग.

कार्डं छापायच्या आधी खेळाडूंशिवाय एक चाचणी घ्या. दोन्ही विमानं ३००० मीटरवर, वेग ६, सरळ उडवत वेग १० पर्यंत न्या. ३१.९ वजा ११.५, म्हणजे २०.४ पायऱ्या कमवायच्या. नॅटला ७ फेऱ्या लागल्या पाहिजेत, २८ सेकंद. सेबरला १४ ते १५, एक मिनिटाच्या किंचित खाली. तुमच्या पटावर नॅटला ३ फेऱ्या लागत असतील तर कुठेतरी पूर्णांक केलाय. दुसरी चाचणी: दोघांना वेग ६ वर कमाल वळवून पूर्ण ३६० अंश फिरवा. नॅटला ३० षट्कोन, सेबरला २४. नागमोडीची भरपाई धरूनही हे आकडे एक-दोन षट्कोनांपेक्षा जास्त हलले तर पटाची भूमिती तपासा, कार्ड नाही.

षट्कोन_धरमपेठ

दोन्ही चाचण्या आत्ताच एक्सेलमध्ये चालवल्या. नॅट ७ फेऱ्या, सेबर १५. वळणाची चाचणी नॅटला ३० आली, सेबरला २६. कोपऱ्याच्या दिशेचा जास्तीचा षट्कोन एकाच बाजूने लागू केला होता, तो दुरुस्त केल्यावर २४.

आता कार्डावर येतंय: ३० अंशांचं अंतर तीन पट्ट्यांत, जी च्या चार ओळींचा नफा-तोटा वेग ६, ८ आणि १० साठी, फवाऱ्यांची घरं आणि खाली मण्याची पट्टी. वेग ६ ला सरळ उड्डाणात नॅट +२.६, सेबर +१.४ आले. वेग १० ला +३.० आणि +१.३. कोणाच्या हिशेबात वेगळं येत असेल तर सांगा. ऊर्जा-उंचीची ओळ पटाच्या कडेला फ्लेक्सवर जातेय. छपाईला देताना एका षट्कोनाची रुंदी पट्टीने मोजून घेणार, सोंगटी २० मिलिमीटरची आहे, षट्कोन निदान २५ चा पाहिजे.